चार जीबी रॅम, पाच ब्राउझर आणि माझा कौल फायरफॉक्सला

आधीच सांगतो, हे लॅबमधलं टेस्टिंग वगैरे नाहीये. लॅपटॉप जुना, रॅम चार जीबी, एसएसडी नंतर टाकून घेतलेली, आणि त्यावर दिवसभर लोकांचे टॅक्स रिटर्न भरायचं काम, संध्याकाळी पेपर, यूट्यूब, मध्येच घरच्यांचे कसले कसले फॉर्म. एवढ्या सगळ्यात क्रोम, एज, फायरफॉक्स, ब्रेव्ह आणि झोहोचा उला हे पाचही आलटून पालटून वापरून झालेत.

स्पीडचं आधी, कारण सगळे तेच विचारतात. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, उला हे सगळे आतून एकच, क्रोमियम, म्हणजे गुगलने सगळ्यांना खुला ठेवलेला ब्राउझरचा सांगाडा. एजनेसुद्धा २०२० च्या जानेवारीत आपलं इंजिन सोडून तेच घेतलं. त्यामुळे नुसतं पेज उघडायच्या बाबतीत यांच्यात डोळ्याला जाणवेल असा फरक नसतोच, "आमचा ब्राउझर तिप्पट फास्ट" छाप जाहिराती बघितल्या की हसू येतं. फायरफॉक्सचं इंजिन, म्हणजे पेज वाचून स्क्रीनवर मांडणारा आतला भाग, तेवढं वेगळं, गेको. ब्राउझरचा वेग मोजणारी स्पीडोमीटर नावाची एक टेस्ट आहे, तिचं तिसरं व्हर्जन २०२४ मध्ये ॲपल, गुगल, मोझिला (फायरफॉक्सवाले), मायक्रोसॉफ्ट (एजवाले) सगळ्यांनी मिळून काढलं, हौस असेल तर चालवून बघा, पण तिथला आकडा बघून ब्राउझर निवडू नका.

कारण पेज स्लो होतं ते जाहिरातींनी. कुठल्याही मराठी पेपरची साइट उघडा, बातमीची दोन वाक्यं वाचतोय तोवर वरून जाहिरात येते आणि मजकूर खाली सरकतो, कोपऱ्यात व्हिडिओ आपोआप बोंबलायला लागतो, तो बंद करायच्या फुलीवर क्लिक केलं की भलतंच काहीतरी उघडतं, आणि तोपर्यंत लॅपटॉपचा पंखा सुरू झालेला असतो. हेच पेज फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकून उघडलं की बातमी आणि फोटो, बस्स. आयकॉनवर किती गोष्टी अडवल्या तो आकडा दिसतो, एकेका बातमीला तो आकडा बघून चाट पडायला होतं. हे एक्स्टेन्शन फुकट आहे आणि बनवणारा माणूस देणगीपण घेत नाही.

आता क्रोमचं दुखणं इथेच आहे. पूर्वी असं एक्स्टेन्शन पेजची प्रत्येक रिक्वेस्ट (पेज बाहेरून काय काय मागवतंय ते) बघून, ही सोडायची का अडवायची ते स्वतः ठरवायचं. गुगलने मॅनिफेस्ट व्ही थ्री नावाचे एक्स्टेन्शनसाठीचे नवे नियम आणले त्यात एक्स्टेन्शनने फक्त नियमांची यादी ब्राउझरकडे द्यायची, अडवायचं काम ब्राउझर करणार. २०२४-२५ मध्ये जुनी पद्धत बंद झाली आणि खरं यूब्लॉक क्रोममधून गेलं. त्याचं लाइट व्हर्जन चालतं, बऱ्याच जाहिराती जातातही, पण मूळची ताकद त्यात नाही. गुगल म्हणतं हे सिक्युरिटीसाठी, आणि ते अगदीच खोटं नाही, ग्रेट सस्पेंडर नावाचं टॅब झोपवणारं (न वापरलेले टॅब थांबवून रॅम मोकळी करणारं) भारी एक्स्टेन्शन होतं, त्याचा मालक बदलला आणि २०२१ मध्ये मालवेअर म्हणून गुगललाच ते काढून टाकावं लागलं. पण ज्या कंपनीचं पोट जाहिरातींवर चालतं तिनेच जाहिरात अडवायचे नियम ठरवायचे, म्हणजे मांजरालाच दुधाच्या पातेल्याची राखण. (मोझिलाची मोठी कमाई गुगल डिफॉल्ट सर्च ठेवण्याच्या पैशातून येते हेही सांगून टाकतो, उगाच कुणाला देव्हाऱ्यात बसवायला नको.)

रॅम. क्रोम रॅम खातो म्हणून सगळे शिव्या घालतात पण त्यामागे कारण आहे, तो वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे जणू वेगवेगळ्या खोल्यांत, ठेवतो म्हणजे एका टॅबमधल्या भामट्या साइटला शेजारच्या टॅबमधल्या बँकेचा डेटा चोरणं अवघड जावं. २०१८ ला स्पेक्टर नावाचा प्रोसेसरमधला घोळ बाहेर आला तेव्हापासून हे आणखी कडक केलं, फायरफॉक्सनेही नंतर तेच केलं. तेव्हा रॅम कमी असेल तर ब्राउझर बदलण्याआधी क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा, कुठला टॅब किती खातोय त्याची लिस्टच येते. बहुतेक वेळा एखादं ईमेल नाहीतर न्यूज साइटच असते, किंवा कधीतरी टाकून विसरलेलं एक्स्टेन्शन. न वापरलेले टॅब झोपवायचं काम मात्र एज फार छान करतो, माझ्या लॅपटॉपवर तरी त्यात तोच पुढे.

एजबद्दल आणखी एक, मराठी वाचणाऱ्यांना माहीतच नसतं. मोठा लेख उघडा आणि कंट्रोल शिफ्ट यू दाबा, आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत, ते वाचून दाखवतात. उच्चार बरेच चांगले आहेत, जोडाक्षरावर अडखळत नाहीत, आमच्या आईला डोळ्याच्या ऑपरेशननंतर याचा फार उपयोग झाला. शिवाय एखादी जुनाट ऑफिसची साइट अजून इंटरनेट एक्स्प्लोररच मागत असेल तर एजमध्ये त्यासाठी आयई (इंटरनेट एक्स्प्लोरर) मोड आहे. हे सगळं असून एज मेन ब्राउझर का नाही केला? कारण तो गप्पच बसत नाही. नवीन टॅब उघडला की बातम्यांचा बाजार, मग मायक्रोसॉफ्टचं सर्च बिंग वापरा, त्यांचाच एआय कोपायलट वापरा, आणि क्रोम डाउनलोड करायला गेलात तर वरती पट्टी येते की कशाला जाताय. अरे वापरतोय ना बाबा!

फायरफॉक्स मी घेतला तो खरंतर कंटेनरसाठी, म्हणजे एकाच ब्राउझरमध्ये टॅबचे वेगवेगळे कप्पे. माझ्यासारखं ज्यांना एकाच पोर्टलवर दोन-तीन क्लायंटचे लॉगिन लागतात त्यांनी मल्टी अकाउंट कंटेनर्स हे एक्स्टेन्शन टाकून बघाच, एक क्लायंट हिरव्या टॅबमध्ये, दुसरा निळ्या, कुकीज (साइट लॉगिन लक्षात ठेवते त्या नोंदी) एकमेकात मिसळत नाहीत, लॉगआउट-लॉगिनचा खेळ संपला. आधी यासाठी इन्कॉग्निटो उघडत बसायचो. तसंही इन्कॉग्निटो म्हणजे फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर हिस्टरी राहत नाही एवढंच, नेटवाला, ऑफिसवाला, साइटवाला सगळ्यांना दिसतच असतं.

फायरफॉक्सचं वाईट काय, तर काही सरकारी आणि बँकांच्या साइट फक्त क्रोमवर तपासलेल्या असतात, बटण दाबलं तरी काहीच होत नाही. डिजिटल सिग्नेचरचं सॉफ्टवेअर जोडताना तर सर्टिफिकेट ॲक्सेप्ट करायची कटकट वेगळी. म्हणून सहीचं काम एजवर, बाकी सगळं फायरफॉक्सवर. दोन ब्राउझर ठेवायला पैसे पडत नाहीत.

सिक्युरिटीसाठी ब्राउझरपेक्षा अपडेट महत्त्वाचं, कोपऱ्यात अपडेटचं बटण आलं की "नंतर" करू नका, त्या दिवशीच रीस्टार्ट मारा. विंडोज सेव्हनवाल्यांचा क्रोम तर १०९ वरच थांबलाय २०२३ पासून, त्यावर नेटबँकिंग करू नका प्लीज. आणि सेटिंग्जमध्ये जाऊन साइट्सचे नोटिफिकेशन सरसकट बंद करा. घरातल्या मोठ्यांच्या कॉम्प्युटरवर "तुमच्या पीसीत व्हायरस आहे" असं खाली कोपऱ्यात येतं ना, तो बऱ्याचदा व्हायरस नसतो, कधीतरी कुठल्यातरी साइटवर अलाउ दाबलेलं असतं.

ब्रेव्ह, ज्यांना काहीच सेटिंग करायचं नाही त्यांच्यासाठी बेस्ट, जाहिराती इन्स्टॉल केल्यापासूनच बंद. क्रिप्टो वॉलेट वगैरे पसारा आहे तो लपवून टाका. २०२० मध्ये ॲड्रेस टाइप करताना स्वतःच्या कमिशनची लिंक घुसडताना पकडले गेले होते, नंतर माफी मागून काढलं, पण माझ्या डोक्यातून ते काही जात नाही. उलाने २०२५ मध्ये केंद्र सरकारची स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा जिंकली, एक कोटीचं बक्षीस मिळालं. ऑफिस, पर्सनल, मुलांसाठी असे वेगवेगळे मोड आहेत ते आवडले, पण शेवटी आत क्रोमियमच आहे त्यामुळे स्वदेशी किती ते तुम्ही ठरवा.

अँड्रॉइडवर क्रोमला एक्स्टेन्शनच चालत नाहीत, फायरफॉक्सला चालतात, यूब्लॉकसुद्धा, तेव्हा फोनवरही तोच टाका. भारतात तरी आयफोनवाल्यांनी यात डोकं लावू नये, तिथे कुठलाही ब्राउझर टाकला तरी आत सफारीचंच इंजिन असतं, सफारीत एखादा कंटेंट ब्लॉकर (जाहिराती अडवणारं ॲप) टाका आणि मोकळे व्हा.