नुबियातली दोन मंदिरं: एक कापून हलवलं, एक अख्खं

इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबिया भागात आस्वानच्या धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा अबू सिंबेल आणि अमादा, दोन्ही मंदिरं साधारण 60 मीटर वर न्यायची होती. मार्ग मात्र वेगळे.

अबू सिंबेल डोंगरातच कोरलेलं, त्यामुळे उचलायला 'इमारत' नव्हतीच. 1964 ते 1968 दरम्यान तिथल्या मोठ्या आणि लहान अशा दोन्ही मंदिरांचे मिळून हजाराहून जास्त ठोकळे कापले. बरेचसे 20 ते 30 टनांचे. वालुकाश्म ठिसूळ, म्हणून आधी कमजोर जागी इपॉक्सी (वाळून कडक होणारा चिकट पदार्थ) भरायचं. मग दर्शनी भागावर हातकरवतीने काप, तोही जेमतेम 6 मिलिमीटर रुंद. काप जाड झाला की तेवढं कोरीवकाम कायमचं भुगा होतं. ठोकळ्याला भोकं पाडून पोलादी सळ्या चिकटवायच्या आणि क्रेनने तिथूनच उचलायचं. पट्टा लावला असता तर कडा तुटल्या असत्या.

अमादाला हे चाललं नसतं. तिथे उठावशिल्पांवर रंगवलेल्या गिलाव्याचा पातळ थर आहे. करवत फिरली की तो पापुद्र्यासारखा सुटणार. म्हणून फ्रेंच अभियंत्यांनी मागचा सुमारे 900 टनांचा भाग खालून काँक्रीटने आणि बाहेरून पोलादाने आवळला आणि हायड्रॉलिक जॅकने रुळांवरून अडीच किलोमीटरच्या आसपास सरकवला. मागचे रूळ काढून पुढे टाकायचे, असं काम. पुढचे खांब मात्र सुटे करूनच नेले.

रंगीत गिलावा आणि लहान इमारत असेल तर आम्ही अमादाची रीत निवडू. पण वाटेत चढ बेताचा हवा. कड्यावर रूळ काय कामाचे?