सी-१८ कॉलम (२५० × ४.६ मिमी, कण ५ मायक्रॉन): पॅकिंग उत्तम, लेबल भिकार

हा एचपीएलसीचा कॉलम, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणारी, सिलिकाची पूड भरलेली स्टीलची नळी. पॅकिंग म्हणजे ती पूड; सी-१८ म्हणजे तिच्यावर बांधलेल्या अठरा कार्बनच्या साखळ्या. कॉलम बिघडल्याबद्दलच्या क्लेमचं पुरवठादाराशी भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. देशी बनावट, नावाजलेल्या परदेशी कॉलमच्या जवळपास निम्मी किंमत. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये पावसाळ्यापासून रोजच्या कामाला आहे. टाइप बी (शुद्ध, धातू जवळपास नसलेली) सिलिका, १०० अँगस्ट्रॉम पोअर (कणांतली छिद्रं), एंड-कॅप्ड (उघडे राहिलेले सिलॅनॉल, म्हणजे सिलिकावरचे ओएच गट, झाकलेले), एल-१ वर्ग (यूएसपीच्या यादीत सी-१८ चा). बाकीचं स्पेसिफिकेशन कॅटलॉगात सापडेल.

पॅकिंगबद्दल तक्रार नाही, उलट कौतुकच. अमलोडिपिनसारखे (रक्तदाबाचं औषध) बेसिक, म्हणजे अल्कधर्मी, रेणू जुन्या टाइप ए सिलिकावर शेपूट ओढत येतात. त्या सिलिकात धातूंचे अंश राहिलेले असतात, त्यांच्यामुळे सिलॅनॉल जास्त आम्लधर्मी होतात आणि अमाइनला धरून बसतात. मग मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) ट्रायएथिलअमाइन घाला आणि तो मासळीसारखा वास सोसा. इथे ते न घालता टेलिंग, म्हणजे आलेखातल्या पीकच्या (उंचवट्याच्या) शेपटीचं माप, १.३ च्या आत राहतं. म्हणजे सिलिका शुद्ध आहे आणि एंड-कॅपिंग मन लावून केलेलं आहे. मिथेनॉल-पाणी ५०:५० ला प्रेशर चढतं, पण त्या मिश्रणाची चिकटाई मुळातच जास्त. त्यात कॉलमचा दोष नाही.

आता लेबल. नळीवर साधा स्टिकर, त्यावर प्रवाहाचा बाण, सिरियल नंबर, लॉट. फिटिंगमधून अ‍ॅसिटोनायट्राइलचा थेंब झिरपला की शाई पसरते. मिथेनॉलच्या फडक्यानं पुसलं की पाटी कोरी. ज्या वस्तूचा जन्म सॉल्व्हंटमध्ये जायचा तिच्यावर सॉल्व्हंटनं धुऊन जाणारी शाई लावणारा माणूस कधी लॅबमध्ये शिरला असेल असं वाटत नाही. कुणाला ही किरकोळ कुरकुर वाटेल, पण कॉलमच्या लॉगबुकात प्रत्येक इंजेक्शन त्या सिरियल नंबरावर टाकलं जातं. नंबर वाचता येत नसेल तर ऑडिटरपुढे ती फक्त स्टीलची नळी.

बाणाचं दुखणं आणखी मोठं. ५ मायक्रॉनचे कण अडवायला आउटलेटला साधारण २ मायक्रॉनचा फ्रिट (टोकाची सच्छिद्र चकती) लागतो. काही कॉलममध्ये इनलेटचा फ्रिट त्याहून मोठ्या छिद्रांचा असतो, म्हणजे लवकर चोंदत नाही. असा कॉलम उलटा लावला तर पॅकिंग सुटून डिटेक्टरच्या सेलकडे निघतं. दोन्ही फ्रिट सारखे आहेत का, हे या कंपनीच्या कागदात कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे फ्रिट चोंदल्यावर उलटं फ्लश करण्याचा साधा उपायही इथे जुगार ठरतो.

भांडण पेटलं ते पीक दुभंगल्यावर. एकच पीक फुटलं तर सँपलच्या सॉल्व्हंटवर किंवा सोबत येणाऱ्या अशुद्धीवर संशय घ्यावा. सगळीच पीक खांदा दाखवू लागली तर दोष कॉलमच्या तोंडाशी. प्रेशर चढलेलं असेल तर आधी फ्रिट बघा; नेहमीइतकंच असेल तर बहुधा बेड (आतला पुडीचा थर) खचलेला. इथे प्रेशर ठीक होतं. मेथड होती फॉस्फेट बफर पीएच ७.४, ओव्हन ४० अंश.

पुरवठादाराचं म्हणणं, पीएच २ ते ८ लिहिलंय, त्यात आलं की चालतं. नाही चालत. ती मर्यादा कुठल्या बफरला आणि किती तापमानाला, ते खोक्यावर नाही. न्यूट्रल पीएचच्या आसपास फॉस्फेट सिलिकाला अ‍ॅसिटेट किंवा ट्रिसपेक्षा बरंच जास्त विरघळवतं आणि तापमान वाढलं की आणखी जोरात. दुसऱ्या टोकाला पीएच २ च्या खाली सिलिका टिकते, पण सी-१८ ची साखळीच तुटून जाते. एवढं ऐकून घेतल्यावर उत्तर आलं: ‘सिरियल नंबर वगर क्लेम ना थाय.’ नंबर त्यांच्याच शाईनं गिळलेला. सोबतच्या सर्टिफिकेटवर नंबर आहे हो, पण ते सर्टिफिकेट याच कॉलमचं कशावरून, असा पुढचा सवाल.

ओव्हन ३० अंशांवर आणून, पंप आणि इंजेक्टरच्या मधे साध्या सिलिकाचा सॅच्युरेटर कॉलम बसवून नवा कॉलम सुरू केला आहे. मोबाइल फेज तिथेच सिलिका खाऊन येतो, मुख्य बेड वाचतो.

दिवाळीनंतरची भर: दोन तारे दिले होते, साडेतीन करतो. १०० टक्के बफरच्या मेथडमध्ये आरटी (रेणू कॉलममधून बाहेर यायला लागणारे वेळ) एकदम कोसळले तेव्हा बॉन्डिंग (सिलिकावरच्या सी-१८ साखळ्या) गेलं असं वाटण्यासारखं होतं. खरं कारण वेगळं. वीज गेली, यूपीएसनं दम तोडला, पंप थांबला, प्रेशर उतरलं आणि सी-१८ च्या तेलकट पोअरमधून पाणी बाहेर ढकललं गेलं. आत पाणीच नाही तर रेणू धरणार कुठे? आधी पाण्यानं बफर काढला, मग ७० टक्के मिथेनॉल ३० मिली, पुन्हा इक्विलिब्रेट, आरटी जागेवर. या मेथडसाठी किमान ५ टक्के ऑर्गॅनिक सॉल्व्हंट ठेवा किंवा पूर्ण पाण्यात चालणारा एक्यू प्रकारचा सी-१८ घ्या.

घेणाऱ्यांनी गार्डवर (मुख्य कॉलमच्या आधी बसणाऱ्या छोट्या काडतुसावर) कंजुषी करू नये. तोंडाची झीज आधी त्याच्या वाट्याला येते आणि काडतूस कॉलमच्या मानानं स्वस्त पडतं. पॅकिंग मात्र त्याच प्रकारचं घ्या. आल्या दिवशी सिरियल नंबर आणि बाण पत्र्याच्या टॅगवर कोरून तारेनं नळीला बांधा, स्टिकरचा फोटो तारखेसह फाइलला लावा. कॉलमचं आतलं आकारमान साधारण २.५ मिली, म्हणून बफरनंतर आधी पाणी-अ‍ॅसिटोनायट्राइल ९०:१० चे २५ मिली सोडा. थेट शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइल सोडलं तर पोटॅशियम फॉस्फेट आतच साखळतं. शेवटी ६५ टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये ठेवून दोन्ही टोकांचे प्लग पान्यानं आवळा. वैशाखात एसी बंद असलेल्या लॅबमध्ये ढिल्या प्लगचा कॉलम सुट्टीच्या दोन दिवसांतच सुकायला लागतो.