काश्मीरची गाडी, ड्रायव्हर-गाइड आणि मधल्यामध्ये गळणारे पैसे

काश्मीरहून फसून परतलेले लोक बहुतेक वेळा ड्रायव्हरला नाहीतर घोडेवाल्याला शिव्या देतात. खरी फसवणूक मात्र त्याआधी, घरबसल्या व्हॉट्सॲपवर पॅकेज ठरलं तेव्हाच झालेली असते. 'पाच रात्री, स्वतंत्र इनोव्हा, ड्रायव्हर-कम-गाइड, सर्व साइटसीइंग इन्क्लूडेड' असं लिहून देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की हे पाळता येणार नाही. तिथले नियमच तसे आहेत.

श्रीनगरहून आलेली टुरिस्ट गाडी पहलगामला तुमच्या हॉटेलच्या दारापर्यंत येते. पुढे आरू (१२ किलोमीटर), चंदनवाडी (१६ किलोमीटर) आणि त्याच रस्त्यावरची बेताब व्हॅली इथे स्थानिक टॅक्सी युनियनचीच गाडी करावी लागते. सोनमर्गलाही तसंच. तिथून झोजिला आणि झिरो पॉइंटला जायचं तर स्थानिक गाडी. गुलमर्गला हिवाळ्यात बर्फ पडला की चाकांना साखळ्या नसलेल्या गाड्या टंगमर्गला थांबवतात आणि वरचे सुमारे १३ किलोमीटर स्थानिक फोर-बाय-फोरने जावं लागतं. कोणी श्रीनगरच्याच गाडीने लेह-लडाख करून देतो म्हणाला, तर ती गाडी लेहला सोडेल एवढंच; नुब्रा आणि पँगाँगसाठी लडाखची टॅक्सी वेगळी.

या गाड्यांचे दर ठरलेले असतात आणि स्टँडवर बोर्डावर लावलेले असतात. म्हणजे युनियनची गाडी करावी लागणं ही फसवणूक नाही. फसवणूक दोन ठिकाणी होते. एक, एजंट हा खर्च आधी सांगत नाही, त्यामुळे त्याचं पॅकेज प्रामाणिक माणसाच्या पॅकेजपेक्षा स्वस्त दिसतं. दोन, पहलगामला पोहोचल्यावर ड्रायव्हर तुम्हाला स्टँडवरच्या काउंटरवर नेत नाही, 'अपना आदमी है' म्हणून हॉटेलच्या अंगणातच कोणालातरी उभं करतो. तो माणूस बोर्डापेक्षा जास्त घेतो आणि वर एखादं ठिकाण गाळतो. बेताब व्हॅली आणि आरू दाखवायचे पैसे घेऊन फक्त बेताब दाखवून परत आणणं हा नेहमीचा प्रकार आहे, कारण दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत हे नवख्याला माहीत नसतं. काउंटरवर स्वतः जा, बोर्डाचा फोटो काढा, पावतीवर ठिकाणांची नावं लिहून घ्या.

पॅकेज स्वस्त देणं हे आवळा देऊन कोहळा काढणं असतं, आणि त्याचा हिशेब साधा आहे. एजंट गाडीवाल्याला दिवसाला इतकं कमी देतो की डिझेल आणि गाडीचा हप्ता जाऊन हाती फारसं काही राहत नाही. उरलेलं ड्रायव्हरने दुकानं, घोडे, बूट-कोट आणि ढाबे यांच्या कमिशनवर मिळवायचं, हे न बोलता ठरलेलं असतं. म्हणून सगळा दोष ड्रायव्हरवर टाकणं आम्हाला पटत नाही. चांगला भाव मिळालेला तोच ड्रायव्हर वेगळा वागतो. पण भुर्दंड तुम्हालाच बसतो.

पैसे पाठवण्यापूर्वी एजंटाचा जीएसटी क्रमांक मागा. नुसता मागू नका, वाचा. त्यात १५ अक्षरं-अंक असतात. पहिले दोन अंक राज्याचे: जम्मू-काश्मीर ०१, लडाख ३८, महाराष्ट्र २७. 'श्रीनगरला आमचं ऑफिस आहे' म्हणणाऱ्याचा क्रमांक दुसऱ्याच राज्याचा असेल तर तो बहुधा मधला दलाल आहे. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. संपूर्ण क्रमांकातलं सहावं अक्षर पाहा: 'सी' असेल तर कंपनी, 'एफ' असेल तर भागीदारी फर्म, 'पी' असेल तर एकटा माणूस. लेटरहेडवर प्रायव्हेट लिमिटेड आणि सहावं अक्षर 'पी', असं असेल तर तिथेच थांबा. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता हा क्रमांक टाकून नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे दिसतं. यूपीआयने पैसे पाठवताना समोर येणारं बँकेतलं नाव या नावाशी जुळलं पाहिजे. 'कंपनीच्या खात्याला लिमिट आहे, भावाच्या नंबरवर टाका' म्हटलं की व्यवहार तिथेच सोडावा.

ॲडव्हान्स पाव रकमेच्या वर देऊ नका. उरलेले पैसे टप्प्याटप्प्याने, पोहोचल्यावर. याचं कारण असं: संपूर्ण रक्कम हातात पडली की काही एजंट फक्त पहिल्या रात्रीच्या हॉटेलचे पैसे भरतात आणि बाकीचं दुसऱ्याच कोणाच्या सहलीत फिरवतात. मग तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला गाडी लावतो आणि म्हणतो, 'ऊपर से पेमेंट नहीं आया.' एजंट फोन उचलत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं गाडीत, बाहेर थंडी. अशा वेळी माणूस दुसऱ्यांदा पैसे देतोच. यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. निघण्याआधी प्रत्येक हॉटेलला थेट फोन करा. नंबर एजंटाने दिलेला नको, नकाशावरून शोधलेला हवा. 'माझ्या नावाचं बुकिंग आहे का' एवढ्यावर थांबू नका, 'त्याचे पैसे जमा झालेत का' हेही विचारा. नावावर खोली धरून ठेवणं फुकट असतं.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच चालतं. चौघांच्या चारही फोनमध्ये प्रीपेड असलं की विमानतळाबाहेर पडल्यापासून ड्रायव्हरचा हॉटस्पॉट हाच तुमचा जगाशी संबंध. रस्ता बंद आहे, तिकिटं संपली, ते हॉटेल भरलं, हे सगळं मग तो सांगेल तेच खरं. एक तरी पोस्टपेड नंबर सोबत असू द्या.

गाडी समोर आली की आधी नंबरप्लेट. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी (इलेक्ट्रिक असेल तर हिरवी पाटी, पिवळी अक्षरं). पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. ती दिसायला नवी आणि भाड्याला स्वस्त असते, पण भाडं घेऊन चालवलेल्या खासगी गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी अट मोडल्याचं कारण देऊन हात वर करू शकते. शिवाय नाक्यावर पोलिसांनी किंवा युनियनवाल्यांनी अडवलं, तर भर रस्त्यात उतरायची वेळ तुमच्यावर येते. एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की गाडीचा वर्ग, फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते.

गुलमर्गचा गंडोला (केबल कार) हे फसवणाऱ्यांचं सगळ्यात मोठं कुरण. तिकिटं केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतात आणि सीझनमध्ये भराभर संपतात. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवतपर्यंत, सुमारे १३,००० फुटांवर. इथे तीन तऱ्हा चालतात. पहिली: पॅकेजमध्ये 'गंडोला' लिहिलेला असतो, तो पहिल्याच टप्प्याचा निघतो. दुसरी: गाइड तुमच्यासाठी तिकीट 'काढून देतो'. वाऱ्यामुळे दुसरा टप्पा बंद होणं नेहमीचं आहे, आणि ऑनलाइन तिकिटाचा परतावा ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात येतो, म्हणजे गाइडच्या. तुम्हाला परतावा मिळतो हे कळतही नाही. तिसरी: तारीख किंवा नाव बदललेली बनावट पीडीएफ, जी गेटवर स्कॅन केल्यावरच उघडी पडते, आणि तोवर विकणारा गायब झालेला असतो. विमानाचं तिकीट काढलंत की गंडोलाचं बुकिंग कधी उघडतं यावर लक्ष ठेवा आणि स्वतःच्या खात्यातून, प्रत्येकाच्या खऱ्या नावाने काढा. ओळखपत्र सोबत ठेवा.

गाडीतळापासून गंडोला पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. तरीही 'चार किलोमीटर है, घोडा लेना पड़ेगा' हे ऐकायला मिळेलच. 'गाइडशिवाय गंडोलात सोडत नाहीत' हेही खोटं. वर स्कीइंग किंवा बर्फातला ट्रेक करायचा असेल तर जाणकार माणूस हवाच, तिथे पैसे वाचवू नयेत. नुसतं वर जाऊन परत यायला गाइड लागत नाही. पर्यटन खात्याकडे नोंदणी असलेल्या गाइडकडे फोटोचं ओळखपत्र असतं, ते मागितल्यावर जो चिडतो त्याला घेऊ नये. टंगमर्गला ड्रायव्हर एका ठरावीक दुकानासमोर गाडी थांबवेल आणि बूट-कोट घेतल्याशिवाय वर जाताच येणार नाही असं सांगेल. घरून चांगलं जॅकेट आणलं असेल तर कोटाची गरज नाही. बर्फात गमबूट मात्र उपयोगी पडतात. दोन दुकानं पुढे चालत जाऊन भाव विचारा.

घोड्यांच्या बाबतीत भाव जितका महत्त्वाचा, तितकंच कुठपर्यंत नेणार हे महत्त्वाचं. 'पाच पॉइंट', 'सात पॉइंट' असं सांगतात, त्यातले दोन-तीन म्हणजे वाटेतलंच मोकळं कुरण किंवा पाण्याची बारीक धार असते. रेटबोर्डावरची ठिकाणांची नावं मोठ्याने वाचून ठरवा, भाव माणशी आहे की घोड्यागणिक ते विचारा, सोबत चालणाऱ्या माणसाची मजुरी त्यात धरली आहे का ते विचारा आणि पैसे परत आल्यावरच द्या. अर्ध्या वाटेवर 'आगे का रास्ता खराब है' म्हणाला तर वाद न घालता फिरा, पण ठरलेल्या भावातून ते ठिकाण वजा करा. सोनमर्गच्या थाजीवास हिमनदीकडे चालायची सवय असलेला माणूस पायी जाऊ शकतो. पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २२ एप्रिल २०२५ ला झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर काश्मीरमधली अनेक ठिकाणं बंद केली गेली आणि पुढे टप्प्याटप्प्याने उघडली. बैसरनसारखं नाव कार्यक्रमात असेल तर ते खुलं आहे का, हे पर्यटन खात्याच्या कार्यालयात किंवा पोलिसांकडे विचारा. बंद जागेचे पैसे आधी घेऊन दुसरंच मैदान दाखवणारे भेटतात.

श्रीनगर-पहलगाम रस्त्यावर पांपोर आणि लेथपोराच्या पट्ट्यात केशर-सुकामेव्याची दुकानं, पुढे संगमजवळ बॅटचे कारखाने. तिथे गाडी थांबणारच. त्याच रस्त्यावर अवंतीपूरला नवव्या शतकात राजा अवंतिवर्म्याने बांधलेल्या मंदिराचे भव्य अवशेष अगदी रस्त्यालगत आहेत. तिथे कमिशन नसल्यामुळे 'कुछ खास नहीं है साब' म्हणून गाडी पुढे काढली जाते. थांबायला सांगा.

केशर घेताना पाण्यात टाकून पाहा. खऱ्या काड्यांचा पिवळसर-सोनेरी रंग सावकाश उतरतो आणि काडी लालच राहते. टाकल्याटाकल्या लाल पाणी झालं आणि काडी पांढरी पडली तर रंगवलेला माल. एक ग्रॅमला साधारण दीडशे फुलं लागतात, तेव्हा स्वस्तात तोळाभर देणारा काय देत असेल याचा अंदाज बांधा. काश्मिरी केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तो टॅग असलेलं सीलबंद पाकीट परवडतं.

पश्मीन्याबाबत दुकानात दोन खेळ दाखवतात, आणि दोन्ही निरुपयोगी आहेत. अंगठीतून शाल काढून दाखवतात. पातळ व्हिस्कोसची शालही अंगठीतून सहज निघते. धागा जाळून केस जळल्याचा वास देतात. तो वास साध्या लोकरीलाही येतो, त्यावरून माल प्लास्टिकचा नाही एवढंच कळतं. खरा पश्मीना १२ ते १६ मायक्रॉन जाडीच्या तंतूचा, हाताने कातलेला आणि हातमागावर विणलेला असतो, आणि ते प्रयोगशाळेत तपासून मानांकनाचं लेबल लावतात. लेबल नसेल तर बिलावर 'शंभर टक्के पश्मीना, हातमाग' लिहून द्यायला सांगा. तोंडाने शपथा घेणारा दुकानदार इथे पेन उचलत नाही. गालिचा कुरिअरने पाठवतो म्हणाले तर मागच्या बाजूला स्वतःची सही करून फोटो काढून ठेवा, म्हणजे दुसराच आला तर कळेल.

हाउसबोटींना सरकारी श्रेणी असते: डिलक्स, ए, बी, सी, डी. व्हाउचरवर बोटीचं नाव आणि श्रेणी दोन्ही हवं. नुसतं 'किंवा तत्सम' असेल तर खालची बोट मिळते. शिकाऱ्याचे दर घाटावर लावलेले असतात. पॅकेजमधला फुकट शिकारा किती वेळाचा, ते आधी विचारून घ्या.

आणि फसलातच, तर भांडणात वेळ न घालवता पुरावा गोळा करा: गाडीच्या पाटीचा फोटो, व्हाउचर, पावत्या, संपूर्ण व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्ट करून. पैसे ऑनलाइन गेले आणि माणूस गायब झाला तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. तिथेच असताना पर्यटन खात्याकडे लेखी तक्रार द्या, नोंदणीकृत व्यावसायिकावर त्यांना कारवाई करता येते. सेवेत फसवणूक झाली असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. तिथे भागलं नाही, तर ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, श्रीनगरला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी.