एस्पो सीआरएम स्वतःच्या सर्व्हरवर: नऊ महिने वापरल्यानंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेल-चादरींचा कारखाना आहे. माल लातूर, विजयपूर, कलबुर्गी, हैदराबादकडे जातो. व्यापाऱ्यांची माहिती मात्र विखुरलेली होती: थोडी एक्सेलमध्ये, थोडी प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि उरलेली सगळी अण्णांच्या डायरीत. अण्णा तीस वर्षं आमचं मार्केट फिरतात. कुणाला फिकट रंग चालत नाही, कुणाची उधारी दिवाळीनंतरच सुटते, हे त्यांनाच ठाऊक. गेल्या वर्षी ते दोन महिने आजारी पडले तेव्हा ऑफिसात आम्हाला काही सुधरेना. तेव्हाच ठरवलं, ही माहिती कारखान्याच्या मालकीच्या जागेत असायला हवी. माणशी दरमहा भाडं भरून वापरायची सॉफ्टवेअर पाहिली, पण सात जणांचं भाडं कायमचं मागे लागणार होतं. एस्पो हे सीआरएम, म्हणजे ग्राहकांची माहिती, चौकशा आणि फोनच्या आठवणी एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याचा मूळ भाग मुक्त आहे, म्हणजे फुकट घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतो, म्हणून तो घेतला.

इन्स्टॉलेशन पुतण्याने आणि मी एका रविवारात उरकलं. भाड्याचा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आपल्यापुरता सर्व्हर), त्यावर उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस आणि एस्पो ज्यावर चालतं ते पीएचपी. पहिली चूक क्रॉनची, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीची झाली. एस्पोची रिमाइंडरं, मेल, सगळी मागची कामं दर मिनिटाला चालणाऱ्या क्रॉनवर उभी आहेत. आम्ही तो रूट, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी युजरने लावला. त्याने बनवलेल्या कॅशच्या (तात्पुरत्या साठवणीच्या) फायलींवर वेब सर्व्हरला लिहिता येईना आणि स्क्रीन मधूनच कोरी दिसू लागली. वेब सर्व्हर ज्या युजरने चालतो त्याच्याच नावाने क्रॉन लावा. टाइमझोनही पहिल्याच दिवशी आशिया/कोलकाता करा. आमचा यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) राहिला होता, त्यामुळे सकाळी दहाच्या फोनची आठवण दुपारी साडेतीनला यायची.

खरं काम पुढेच होतं: जुन्या याद्या आत घेणं. त्याला सहा आठवडे लागले आणि माझ्या मते सीआरएम टिकणार की नाही ते इथेच ठरतं. एक्सेलने मोबाइल नंबरांचे ९.८८ई+०९ असे आकडे करून ठेवले होते. तो कॉलम आधी टेक्स्ट करावा लागतो. एस्पोत घेण्यासाठी यादी सीएसव्ही या साध्या फायलीत सेव्ह करावी लागते. ती तशीच सेव्ह केली की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं, म्हणून मराठी अक्षरं सांभाळणारं यूटीएफ-८ निवडून सेव्ह करायचं. पण सगळ्यात छळलं एकाच दुकानाच्या तीन-तीन नोंदींनी. एकाने नाव मराठीत लिहिलेलं, दुसऱ्याने इंग्रजीत, तिसऱ्याने नुसतं मालकाचं आडनाव. नावावरून दुबार नोंदी सापडेनात. मग जीएसटी नंबर धरला. त्यात १५ अक्षरं असतात: पहिली दोन राज्याची, पुढची दहा पॅनची. २७ म्हणजे महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३६ तेलंगणा. त्यामुळे राज्यवार यादी आपोआप पडली, आणि एकाच मालकाची सोलापूर आणि हैदराबाद अशी दोन्ही दुकानं मधल्या पॅनवरून जुळली. जीएसटी नसलेले छोटे दुकानदार आम्ही मोबाइल नंबरावर जुळवले.

दोनदा घाम फुटला. साइट सुरक्षित असल्याचं आमचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेचं, ९० दिवसांचं होतं. मी फायरवॉलमध्ये पोर्ट ८० (साध्या वेब वाहतुकीची वाट) बंद केला होता, नूतनीकरणाची तपासणी आमच्याकडे त्याच पोर्टवरून व्हायची, म्हणून ते झालंच नाही. एका सोमवारी सगळ्यांच्या मोबाइलवर असुरक्षित साइटचा इशारा. दुसरा प्रसंग त्याहून मोठा. बॅकअप रोज होतोय या समाधानात होतो. गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत दुसऱ्या मशिनवर तो उघडून पाहिला तर नोंदी आल्या, डिझाइनचे फोटो एकही नाही. आम्ही फक्त डेटाबेस उतरवत होतो, आणि जोडलेल्या फायली डेटा फोल्डरच्या आत अपलोडमध्ये असतात. आता डेटा आणि कस्टम (आपण केलेले बदल ठेवणारं) ही दोन्ही फोल्डरं डेटाबेससोबत रोज रात्री कारखान्यातल्या डिस्कवर येतात, आणि महिन्यातून एकदा मी ती उघडून बघतो.

एस्पोतली नावं बदलायच्या लेबल मॅनेजरमधून 'अकाउंट'चं 'दुकानदार' केलं, 'अपॉर्च्युनिटी'चं 'चौकशी'. हा बदल अर्ध्या तासाचा, पण माणसं त्यानंतरच स्वतःहून नोंदी करायला लागली. कमी वाटतं ते रिपोर्टांचं: चांगले रिपोर्ट आणि आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळ्या पैसे भरून घ्यायच्या वेगळ्या पॅकमध्ये आहेत. आम्ही अजून यादी फिल्टर करून एक्सपोर्टवर भागवतो.

सर्व्हरला हात लावणारं कुणी घरचं नसेल तर हे घेऊ नका, अपडेट आणि बॅकअप आपल्यालाच बघावे लागतात. आमच्याकडे पुतण्या आहे, म्हणून जमलं. दर शनिवारी दुपारी अण्णा जुन्या डायऱ्या घेऊन बसतात. ते वाचतात, मी टाइप करतो. कलबुर्गीचा भाग संपलाय, हैदराबादच्या चार डायऱ्या बाकी आहेत.