प्वाझॉयचं समीकरण: तीन वाटांपैकी कोणती धरावी?

नळीतून दर सेकंदाला किती द्रव वाहील? पाय (π) × दाबातला फरक × त्रिज्येचा चौथा घात, भागिले ८ × श्यानता (द्रवाचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) × लांबी. जर्मन अभियंता हागेननं १८३९ मध्ये आणि पाठोपाठ फ्रेंच डॉक्टर प्वाझॉयनं हे नातं प्रयोगांतून गाठलं. सिद्धता मागाहून आली. ती तीन वाटांनी करता येते.

मिती विश्लेषण, म्हणजे दोन्ही बाजूंची एककं जुळवून घात काढणं, सगळ्यात झटपट. एकच खोच आहे: दाबातला फरक आणि लांबी सुटे धरलेत तर अज्ञात घात चार आणि समीकरणं तीनच. म्हणून दाबाचा फरक भागिले लांबी ही एकच राशी घ्या. तिचा घात १, श्यानतेचा −१, त्रिज्येचा ४ असा लगेच निघतो. पण ‘पाय भागिले ८’ मात्र हाती लागत नाही. परीक्षेतल्या वस्तुनिष्ठ प्रश्नांपुरतं ठीक.

माझं मत बलांच्या समतोलाला. नळीच्या अक्षाभोवती द्रवाचाच एक दंडगोल कल्पा. दाब त्याला पुढे रेटतो, बाजूचं घर्षण अडवतं. दोन्ही बलं सारखी मांडली की कातर ताण (बाजूच्या दर एकक क्षेत्रफळावरचं घर्षणबल) मिळतो: दाबातला फरक × दंडगोलाची त्रिज्या, भागिले लांबीची दुप्पट. गंमत म्हणजे इथवर न्यूटनचा श्यानतेचा नियम (कातर ताण = श्यानता × वेग बदलण्याचा अंतरानुसार दर) वापरलेलाच नाही! रंग किंवा केचपसाठी फक्त पुढची ओळ बदला. साध्या द्रवासाठी न्यूटनचा नियम घाला (वेग बाहेरच्या बाजूला घटतो, ऋण चिन्ह विसरू नका), भिंतीपाशी वेग शून्य धरून संकलन (इंटिग्रेशन) करा. वेगाचा पॅराबोला तयार. शेवटी वेगाला थेट क्षेत्रफळानं गुणू नका, पातळ कड्यांवर पुन्हा संकलन करा. अक्षावरचा वेग सरासरीच्या दुप्पट असतो, तोच गुणलात तर उत्तरही दुप्पट येईल.

तिसरी वाट: द्रवाच्या गतीची सर्वसाधारण समीकरणं, म्हणजे नेव्हिए-स्टोक्स. तिथून सुरुवात केली तर निम्मा वेळ पदं का गळतात हे सांगण्यातच जातो. बीएस्सीच्या पेपरला एवढा खटाटोप नको. पण पुढे चौकोनी नळी किंवा काळानुसार बदलणारा प्रवाह अभ्यासायचा असेल, तर ही वाट टाळता येणार नाही.

रेनॉल्ड्स संख्या (घनता × वेग × व्यास, भागिले श्यानता) साधारण २००० च्या वर गेली की प्रवाह खवळू लागतो. मग घनताही हिशेबात येते आणि मिती विश्लेषणाचं ते सोपं गणित कोलमडतं, पॅराबोलाही जातो. समतोलातली कातर ताणाची ओळ मात्र, सरासरी ताण धरला तर, तिथेही चालते.