प्रभावळकरांच्या फॅनसाठी: ओटीटी, यूट्यूब की सरळ नाटकाचं तिकीट? आमच्या घरचा रिव्ह्यू

हा कुठल्या सिरीयलचा किंवा पिक्चरचा रिव्ह्यू नाहीये. आमच्या घरात आई आणि मी दोघीही दिलीप प्रभावळकरांच्या पक्क्या फॅन, आणि 12 सप्टेंबर 2025 ला त्यांचा "दशावतार" पिक्चर आला तेव्हापासून आईने असं डोक्यात घेतलंय की आता या माणसाचं जे जे असेल ते सगळं बघायचं, जुनं नवं मुलाखती बिलाखती सगळं. त्यासाठी आम्ही काय काय विकत घेतलं, कशाचे पैसे वसूल झाले आणि कशाचे पाण्यात गेले ते लिहितेय. कुणाच्या घरी असे आईबाबा असतील तर उपयोग होईल.

सुरुवात ओटीटीपासून. मराठी कंटेंट असलेली दोन-तीन ॲप घरात आहेत, एक मी वर्षाचे पैसे भरून घेतलेलं, एक भावाच्या लॉगिनवर चालतं, आणि एक मोबाईलच्या रिचार्जसोबत फुकट आलेलं. नाव कुणाचंच घेत नाही कारण त्रास थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच आहे. पहिला त्रास सर्चचा. देवनागरीत "प्रभावळकर" टाईप केलं तर शून्य रिझल्ट, इंग्रजीत टाकलं तर स्पेलिंग कुठलं हे त्यांचं त्यांना माहीत, एकदा डब्ल्यू घालून बघा एकदा व्ही घालून बघा, आणि तरी वर येतात त्या कुठल्यातरी चालू सिरीयल ज्यात सासू दर ब्रेकआधी दचकते. म्हणजे अडीच-तीन पिढ्या ज्याला बघत मोठ्या झाल्या त्या माणसाचं एक साधं पान नाही, की हे घ्या, यांची आमच्याकडे इतकी कामं आहेत. हिंदीतल्या काल आलेल्या पोराचं असतं हो पान! आणि त्यात माणूस असा की एका कामातला दुसऱ्या कामात ओळखू येत नाही, फोटो बघून शोधायची पण सोय नाही. टीव्हीच्या रिमोटवरून एकेक अक्षर टाईप करणं हा तर आईच्या वयाच्या माणसांवर अन्यायच आहे. माईकचं बटण दाबून बोललं की मात्र बऱ्यापैकी सापडतं, आईला तेच शिकवलंय, ती आता रिमोटशी "अहो टिपरे लावा" असं अहोजाहो करून बोलते.

टिपरे म्हणजे अर्थातच "श्रीयुत गंगाधर टिपरे". ज्यांना माहीत नाही (असं कुणी आहे का?) त्यांच्यासाठी, 2001 मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालेली, केदार शिंदेंनी दिग्दर्शन केलेली, प्रभावळकरांच्याच "अनुदिनी" या लोकसत्तातल्या सदरावरून केलेली. आबा म्हणजे प्रभावळकर, शेखर म्हणजे राजन भिसे, श्यामल म्हणजे शुभांगी गोखले, शिऱ्या म्हणजे विकास कदम आणि शलाका म्हणजे रेश्मा नाईक. बस, पाच माणसं आणि एक फ्लॅट. आठवड्याला एक भाग यायचा, आणि प्रत्येक भागात एक छोटासा घरगुती घोळ, तो संपला की भाग संपला. हे आज परत बघताना जास्त जाणवतं कारण आता रोजच्या सिरीयलची सवय झालीये, जिथे एक वाटी पडते आणि ती खाली पोचायला मंगळवार उजाडतो. आणि गंमत म्हणजे आबांचं काम सुरू केलं तेव्हा प्रभावळकर साठीच्याही अलीकडे होते (जन्म 4 ऑगस्ट 1944), पण तेव्हा मला ते खरोखरचे आजोबाच वाटायचे. आता बघताना कळतं की ते चालतात कसे, खुर्चीत बसताना हात कुठे टेकवतात, सुनेला काही सांगायचं असलं की आधी घसा कसा साफ करतात, हे सगळं नीट बसवलेलं आहे, पण बसवलंय असं कुठेच दिसत नाही. या एका गोष्टीसाठी मी सबस्क्रिप्शनचे निम्मे पैसे वसूल धरते.

एक फुकटचा सल्ला. जुन्या सिरीयल नव्या टीव्हीवर लावल्या की सगळी माणसं आडवी ताणलेली दिसतात, आबा अचानक पैलवान वाटायला लागतात, आईने तर सांगितलं की बहुतेक ॲप खराब आहे. ॲप खराब नसतं, आपल्या टीव्हीचं सेटिंग असतं. तेव्हाचं चित्र चारास तीन असायचं, आताचा टीव्ही सोळास नऊ. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन ॲस्पेक्ट रेशो "ओरिजिनल" किंवा "4:3" करा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ देत, पण माणसं माणसांसारखी दिसतील.

बाकी ओटीटीची कटकट म्हणजे जाहिराती (पैसे भरूनसुद्धा, "प्रीमियम" म्हणजे नेमकं काय ते कुणीतरी समजावा), अर्धवट बघितलेला भाग दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू होणं, आणि ऑटो-रिन्यूअल. हे शेवटचं फार महत्त्वाचं. वर्ष संपायच्या आधी मेसेज येईल या भरवशावर राहू नका, युपीआय ॲपमध्ये "ऑटोपे" किंवा "मँडेट" म्हणून एक जागा असते तिथे जाऊन आजच बघा काय काय चालू आहे. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं अशा ॲपचं रिन्यूअल होत राहिलं जे त्यांनी उघडलंसुद्धा नव्हतं.

"चिमणराव गुंड्याभाऊ" शोधत असाल तर मनाची तयारी ठेवा. मुंबई दूरदर्शनची सत्तरच्या दशकाच्या शेवटची मालिका, चिं. वि. जोशींच्या लिखाणावरची, चिमणराव म्हणजे प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे. आईच्या तरुणपणी ही लागायची तेव्हा चाळीत ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या घरी अख्खा मजला. मला पैसे भरलेल्या एकाही ॲपवर ती मिळाली नाही, जे काही तुकडे सापडले ते यूट्यूबवर, धूसर प्रिंट, आवाज मागेपुढे. तरीसुद्धा आई ते तुकडे परत परत बघते आणि प्रत्येक वेळी "बाळ कर्वे काय माणूस होता" म्हणते. पैसे भरून मिळत नाही ते फुकटात धूसर मिळतं, असं आहे एकंदर.

आता यूट्यूब आणि मुलाखती, ज्यासाठी मुळात हा उद्योग सुरू झाला. "दशावतार"च्या वेळी प्रभावळकरांच्या इतक्या मुलाखती आल्या की बघून संपेनात, आणि त्यात चांगलं काय आणि पाट्या टाकणं काय हे निवडायलाच जास्त वेळ गेला. 81 व्या वर्षी माणूस कोकणातल्या दशावतारी कलाकाराची, बाबुली मेस्त्रीची, मध्यवर्ती भूमिका करतो, पिक्चर त्याच्या खांद्यावर उभा राहतो, म्हणजे विचारायला किती गोष्टी असतील! दशावतार या लोकनाट्यातला कलाकार स्वतःचा मेकअप स्वतः करतो, रात्रभर उभा राहतो, लिहिलेली संहिता हातात नसताना बोलतो, हे सगळं शहरी नाटकात घडलेल्या नटाने अंगात कसं आणलं, मालवणी कशी बसवली, याबद्दल मला ऐकायचं होतं. पण बऱ्याच मुलाखतकारांचा ठरलेला पाढा. गांधीजी कसे साकारलेत? (2006 चा "लगे रहो मुन्नाभाई", त्या वर्षीचं सहाय्यक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक त्यांना मिळालं, "शेवरी" धरून.) मग तात्या विंचू. मग "एकदा तो आवाज काढून दाखवा ना सर". अहो 1993 चा "झपाटलेला", तीसहून जास्त वर्षं झाली, आणि अजून त्या माणसाला समोर बसवून ओम फट स्वाहा म्हणायला लावतात, आणि ते पण बिचारे इतके सज्जन की नाही म्हणत नाहीत. मग शेवटी रॅपिड फायर. ऐंशीच्या पुढच्या माणसाला रॅपिड फायर! तो एकेका शब्दाला थांबून बोलणारा माणूस, त्याच्या थांबण्यातच मजा आहे, आणि हे म्हणतात पटकन सांगा चहा की कॉफी.

म्हणून आमचा अनुभव असा की मुलाखत निवडताना नाव बघू नका, लांबी बघा. दहा मिनिटांची असेल तर ती प्रमोशनची, सोडून द्या. तासाभराची असेल, आणि त्यात मुलाखत घेणारा माणूस नाटकवाला असेल किंवा निदान नाटकं बघणारा असेल, तर बघा. अशा मुलाखतीत साधारण विसाव्या मिनिटानंतर ते खुलतात, लाजणं कमी होतं, आणि मग "हसवाफसवी"चा विषय निघाला की बघत राहावं. स्वतः लिहिलेल्या त्या नाटकात ते सहा भूमिका करायचे, त्यातले कृष्णराव हेरंबकर, संगीत नाटकातले थकलेले म्हातारे नट, आईच्या मते मराठी रंगभूमीवरचं सगळ्यात भारी काम. मी प्रत्यक्ष बघितलेलं नाही, पण ते नुसतं सांगताना मान जराशी कलती करतात ना, तेवढ्यात हेरंबकर खुर्चीत येऊन बसतात. हे रॅपिड फायरमध्ये कसं मिळणार?

आणखी एक, हे जरा चिडूनच लिहितेय. ज्येष्ठ कलाकारांच्या नावावर काही चॅनेल जो घाणेरडा धंदा करतात त्याला काय म्हणावं, थंबनेलवर फोटो, फोटोला हार, वर लाल अक्षरात "मराठी सिनेसृष्टीवर शोककळा", आणि आत उघडलं तर तिसऱ्याच कुणाची बातमी किंवा काहीच नाही. आई एकदा अशा थंबनेलने हादरली, पाणी प्यायला दिलं तिला. आता मी तिच्या फोनवर अशी चॅनेल दिसली की तीन ठिपके दाबून "चॅनेल रेकमेंड करू नका" करते, आणि रिपोर्ट पण करते. हे करा सगळ्यांनी, थोड्या दिवसांत फीड बरीच साफ होते. रील्सबद्दल तर बोलायलाच नको, तासाभराच्या मुलाखतीतलं एक वाक्य तोडायचं, खाली रडकं म्युझिक टाकायचं, आणि माणूस जणू काही आयुष्यभर दुःखीच होता असं करून टाकायचं. तो माणूस मूळ क्लिपमध्ये हसत असतो हो.

तर मग तिसरा पर्याय, नाटकाचं तिकीट. "पत्रापत्री" म्हणून प्रयोग आहे, प्रभावळकर आणि विजय केंकरे, दोघंच, प्रभावळकरांच्याच पुस्तकावरून. दोन मित्र एकमेकांना पत्रं लिहितात आणि आपण ती ऐकतो, एवढंच. ऐकून वाटतं यात बघायचं काय, वाचनच की. पण प्रत्यक्षात पत्रातली माणसं एकामागून एक आवाजातून उभी राहतात, आणि आपल्याला कळतच नाही की समोर दोनच माणसं आहेत. एखादं साधं "कळावे" म्हणायला ते असा काही वेळ घेतात की अख्खं सभागृह त्या एका शब्दावर हसतं. आमच्या शेजारच्या खुर्चीवरचा कॉलेजचा मुलगा, आईवडिलांनी ओढून आणलेला दिसत होता, सुरुवातीला मोबाईल चाळत होता, नंतर मोबाईल खिशात गेला तो गेलाच. ज्या माणसाला आपण टीव्हीवर दहा सेकंद मागेपुढे करत बघतो तो समोर बसून बोलतोय आणि त्याला पॉज करता येत नाही, याची एक वेगळीच एकाग्रता असते. आई तर इंटरव्हलला उठलीच नाही जागेवरून. वडा पण नको म्हणाली. नाट्यगृहातला बटाटावडा नको म्हणणं हे आमच्या घरात पहिल्यांदाच झालं.

पण रिव्ह्यू आहे तर वाईट पण सांगते. तिकीट ॲपवरून काढलं तर वर कन्व्हिनियन्स फी लागते, ती कसली सोय ते शेवटपर्यंत कळत नाही. शक्य असेल तर नाट्यगृहाच्या खिडकीवर जा, तिथले काका कुठल्या रांगेत पाय पसरता येतात ते पण सांगतात. आम्ही गेलो त्या नाट्यगृहात (नाव नको) बाल्कनीचा जिना उभा, कठडा एकाच बाजूला, गुडघे दुखणाऱ्या माणसाला बाल्कनी अजिबात घेऊ नका, पैसे वाचवायच्या नादात वरचं तिकीट काढाल आणि मग अर्धा वेळ जिना उतरायच्या टेन्शनमध्ये जाईल. एसी असा की शाल न्याच. आणि प्रयोगांच्या तारखांसाठी आमचा भरवसा ॲपवर नाही, पेपरमधली नाटकांची जाहिरात, तीच खरी. वयामुळे प्रयोग काही रोजचे नसतात, लागला की जायचं, पुढच्या वेळी बघू करत बसू नका.

स्टार द्यायचे तर ओटीटीला अडीच, त्यातले दोन एकट्या टिपरेंचे. यूट्यूबला साडेतीन, लांब मुलाखतींमुळे, ते हार घातलेले थंबनेल नसते तर चार दिले असते. "पत्रापत्री"ला पाच, नाट्यगृहाच्या जिन्याला उणे एक. वर्षाचं सबस्क्रिप्शन संपलं की मी परत भरणार नाहीये, टिपरे परत बघावंसं वाटलं तर एक महिन्याचं घेईन आणि सलग बघून बंद करेन. तेच पैसे तिकिटासाठी बाजूला. आईने तर पुढचा प्रयोग कुठे लागतो ते बघायला रविवारच्या पेपरचं ते पान कापून फ्रीजवर लावायला सुरुवात केलीये, कुणाला ठाण्या-डोंबिवलीकडची तारीख आधी कळली तर कमेंटमध्ये टाका प्लीज, आणि खालच्या मजल्याची तिकिटं शिल्लक आहेत का ते पण.