विंडोज शाबूत ठेवून उबुंटू घालून देतो, असे सांगून झालेली फसवणूक

खानापुरात माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. मराठी मजकुरासाठी श्रीलिपी आणि कानडी अर्जांसाठी नुडी ही टायपिंगची सॉफ्टवेअर लागतात; दोन्ही विंडोजवर चालतात, त्यामुळे विंडोज सोडणे मला शक्य नाही. परंतु मुलीच्या अभ्यासक्रमात लिनक्स ही दुसरी संगणक प्रणाली आल्यामुळे त्याच लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, हवे होते. बेळगावातील एका दुकानदाराने, "काका, तुमच्या विंडोजला हातही लावणार नाही," असे सांगून साडेतीन हजार रुपये घेतले, आणि त्यातील दोन हजार उबुंटूच्या लायसन्सचे असल्याचे सांगितले. उबुंटू पूर्णपणे मोफत आहे आणि अधिकृत संकेतस्थळावरून कोणालाही उतरवून घेता येते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू करताच उबुंटू आणि विंडोज असे दोन्ही पर्याय दिसले, म्हणून मी निर्धास्त झालो. घरी आल्यावर विंडोज उघडले, तर डेस्कटॉप रिकामा होता. श्रीलिपी नाही, नुडी नाही, आणि गावातील शाळेच्या स्मरणिकेची जुळवून ठेवलेली सगळी पाने नाहीशी झालेली. विचारल्यावर "तुमचे विंडोज आधीच करप्ट होते" असे उत्तर मिळाले, आणि डेटा रिकव्हरीसाठी आणखी चार हजार आगाऊ घेण्यात आले. एकही फाइल परत आली नाही.

खरा प्रकार मुलीच्या मैत्रिणीने उघड केला. तिने कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या विंडोजच्या खिडकीत, 'सिस्टिमइन्फो' हा शब्द टाइप केला, तेव्हा 'ओरिजिनल इन्स्टॉल डेट' या ओळीत लॅपटॉप दुकानात होता त्याच रात्रीची तारीख आणि वेळ दिसली. म्हणजे दुकानदाराने पूर्ण डिस्क पुसून दोन्ही प्रणाली नव्याने घातल्या होत्या, कारण जुने विंडोज सांभाळत जागा मोकळी करण्यापेक्षा ते काम सोपे असते. एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची चिपवर चालणारी डिस्क, अशी पुसली गेल्यावर ट्रिममुळे (पुसलेली जागा डिस्कने स्वतःच साफ करण्याची सोय) जुना डेटा सहसा परत मिळतच नाही. तरीही त्याने त्या कामाचे पैसे घेतले, याचा मला सर्वाधिक राग आहे.

हे काम करून घेणाऱ्यांनी आधी सर्व फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्याव्यात, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) सुरू असल्यास त्याची 48 अंकी रिकव्हरी की लिहून ठेवावी आणि समोर बसूनच काम करून घ्यावे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आक्रसून जागा मोकळी करतात. उबुंटू घालताना 'अलाँगसाइड' हा शब्द असलेला पर्याय निवडायचा असतो, 'इरेज डिस्क' असलेला नव्हे. शेवटी डिस्कचे कोणते भाग (पार्टिशन्स) बदलणार याची यादी पडद्यावर येते, ती वाचेपर्यंत पुढचे बटण दाबू देऊ नये.

मी पावती घेतली नव्हती, त्यामुळे ग्राहक आयोगाकडे जाण्याइतका पुरावा हाती नाही. स्मरणिकेची पाने मी आता तपासणीसाठी काढलेल्या छापील प्रतींवरून पुन्हा टाइप करीत आहे.